बँक रोडवरचे प्राध्यापक

उर्दू शायरीचे वाचक ज्यांना फिराक गोरखपुरी या नावाने ओळखतात, त्यांचे खरे नाव रघुपती सहाय. त्यांच्या गझला आणि रुबाया तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या किंवा ऐकल्या असतील. पण हा शायर पोटापाण्यासाठी काय करत होता, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. फिराक साहेब अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकवत असत. एक-दोन वर्षे नव्हे, तर जवळजवळ तीस वर्षे ते शिकवत होते. दिवसा वर्गात वर्ड्‌स्वर्थ आणि शेक्सपिअर, रात्री घरी मीर आणि मुसहफी, असा त्यांचा दिनक्रम होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध होता, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी शिकलेला माणूस उर्दूपासून दूर जातो, असे त्या काळी अनेकांना वाटत होते आणि ते अगदीच खोटे नव्हते.

रघुपती सहाय यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९६ रोजी झाला. गोरखपूर जिल्ह्यातील बनवारपार हे त्यांचे गाव. वडील मुन्शी गोरख प्रसाद हे गोरखपूरचे नावाजलेले वकील होते. ते स्वतः शायर होते आणि ‘इब्रत’ या तखल्लुसने लिहीत असत. उत्तरेकडच्या कायस्थ घराण्यांत त्या काळी उर्दू आणि फारसीचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. त्यामुळे रघुपतीला उर्दू परकी वाटण्याचे कारणच नव्हते. घरात शेर कानांवर पडत, तसेच तुलसीदासांचे रामायणही कानांवर पडे. लहानपणी ऐकलेल्या या दोन्ही सुरांचा पुढे त्याच्या लेखनाला फार उपयोग झाला.

गोरखपूरचे शिक्षण संपल्यावर रघुपती अलाहाबादला आला आणि म्योर सेंट्रल कॉलेजात दाखल झाला. अलाहाबादचे नाव २०१८ साली प्रयागराज झाले, पण तेथील विद्यापीठाचे नाव अलाहाबाद विद्यापीठ असेच राहिले. म्योर कॉलेज १८७२ साली सुरू झाले. त्याची दगडी इमारत आणि सुमारे दोनशे फूट उंचीचा मनोरा आजही पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतो. १८८७ साली येथे विद्यापीठ स्थापन झाले. प्रथम ते फक्त परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. १९२१ च्या कायद्यानंतर मात्र ते प्रत्यक्ष शिकवणारे विद्यापीठ बनले आणि म्योर कॉलेज त्यात सामील झाले. उत्तर भारताच्या कानाकोपऱ्यातून मुले येथे शिकायला येत. शेतकऱ्यांची मुले येत, तशीच वकिलांची आणि जमीनदारांचीही येत. पुष्कळांच्या मनात एकच इच्छा असे. बी.ए. व्हावे आणि सरकारी नोकरी मिळवावी.

येथे एक गमतीची गोष्ट सांगायला हवी. इंग्रजी वाङ्मय हा विषय आपल्याकडे इंग्लंडहून आला, म्हणून तेथील मोठ्या विद्यापीठांत तो फार पूर्वीपासून शिकवला जात असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी वाङ्मयाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला आणि केंब्रिजमध्ये तर १९१७ साली. तेथे ग्रीक आणि लॅटिन शिकणे हेच खरे शिक्षण मानले जाई. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे मात्र १८५७ साली स्थापन झाली आणि तेथील विद्यार्थ्यांना इंग्रजी कवी वाचल्याशिवाय पदवी मिळतच नसे. म्हणजे ऑक्सफर्डमध्ये हा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपली मुले परीक्षेसाठी शेक्सपिअर आणि मिल्टन वाचत होती. कित्येकदा अर्थ न समजता पाठही करत होती, हे खरे. पण काही मुलांना त्यातून वाचनाची खरी गोडी लागली. रघुपती सहाय त्यांपैकी एक होता.

तो बी.ए. ची परीक्षा उत्तम रीतीने पास झाला. पण त्याच सुमारास, १९१८ साली वडील वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार या तरुणावर पडला. सुदैवाने थोड्याच दिवसांत डेप्युटी कलेक्टरच्या पदासाठी त्याची निवड झाली. त्या काळी डेप्युटी कलेक्टर होणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणार नाही. बंगला, नोकरचाकर, मानमरातब आणि म्हातारपणी पेन्शन. घरात पैशाची चणचण असताना अशी नोकरी कोण सोडील? रघुपती सहायांनी ती सोडली. महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली होती, आणि इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही असे त्यांनी ठरवले. त्यांचे मित्र मुन्शी प्रेमचंद हे त्या वेळी गोरखपूरला शाळेत शिक्षक होते. त्यांनीही १९२१ साली आपल्या सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. एकाच गावातील दोन लेखकांनी पोटावर पाय देऊन घेतलेला हा निर्णय होता. तो घेताना घरच्या माणसांना काय वाटले असेल, हा प्रश्न चरित्र लिहिणारे फारसा विचारत नाहीत.

असहकाराच्या चळवळीत फिराक यांना सुमारे दीड वर्षाचा तुरुंगवास घडला. आग्र्याच्या तुरुंगात राजकीय कैदी मुशायरे भरवत आणि फिराक त्यांत गझला म्हणत. एव्हाना त्यांनी ‘फिराक’ हे तखल्लुस घेतले होते. त्याचा अर्थ विरह, हे तुम्हांला सांगायला नकोच. सुटकेनंतर काही वर्षे त्यांनी अलाहाबादला काँग्रेसच्या कचेरीत काम केले. पंडित जवाहरलाल नेहरूंशी त्यांचा स्नेह जडला तो याच काळात. पण राजकारणात त्यांचे मन रमले नाही. कचेरीचे काम सोडून ते प्रथम लखनौला आणि नंतर कानपूरला कॉलेजात शिकवू लागले.

आता वयाची तिशी उलटली होती. त्यांच्याबरोबरचे काही लोक मोठे वकील झाले होते, काही अधिकारी झाले होते. फिराक यांच्याजवळ ना पैसा होता, ना पद. घरसंसारातही त्यांना सुख नव्हते. अठराव्या वर्षी झालेले लग्न त्यांना कधीच मानवले नाही आणि याबद्दल ते आयुष्यभर कडवटपणे बोलत राहिले. त्यात त्यांच्या पत्नीचेही दुःख मोठे होते. पण ते सांगायला त्या घरात दुसरा शायर नव्हता. अशा परिस्थितीत फिराक यांनी पुन्हा विद्यार्थी व्हायचे ठरवले. १९२७ साली स्थापन झालेल्या आग्रा विद्यापीठाची इंग्रजीची एम.ए. परीक्षा त्यांनी खासगी विद्यार्थी म्हणून दिली. खासगी विद्यार्थी म्हणजे वर्ग नाही, शिकवणारे कोणी नाही. आपणच पुस्तके मिळवायची, आपणच वाचायची आणि परीक्षेच्या दिवशी जाऊन पेपर लिहायचे. १९३० साली त्यांनी ही परीक्षा दिली आणि ते पहिल्या वर्गात पहिले आले. त्या वेळी ते चौतीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी अलाहाबाद विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात त्यांची नेमणूक झाली. हा विभाग त्या काळी फार प्रसिद्ध होता. विभागप्रमुख अमरनाथ झा हे इंग्रजीचे मोठे पंडित होते आणि पुढे ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विशेष म्हणजे इंग्रजीचे पंडित असूनही उर्दू शायरीचे त्यांना वेड होते. काही वर्षांनी याच विभागात हरिवंशराय बच्चन हे हिंदीतील लोकप्रिय कवी शिकवू लागले. चित्रपट अभिनेते अमिताभ बच्चन हे त्यांचे चिरंजीव. बच्चन पुढे केंब्रिजला गेले आणि आयरिश कवी येट्स यांच्यावर संशोधन करून त्यांनी १९५४ साली डॉक्टरेट मिळवली. एका इंग्रजी विभागात उर्दूचा एक मोठा शायर आणि हिंदीचा एक मोठा कवी शेजारी शेजारी बसत होते! इंग्रजी विभागाने आपल्या भाषांचे नुकसानच केले, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

फिराक वर्गात कसे शिकवत? त्यांचे विद्यार्थी सांगत की धडा कोठून सुरू होईल आणि कोठे जाईल, याचा नेम नसे. वर्ड्‌स्वर्थची कविता हातात घेतली, तर बोलता बोलता ते मीरकडे वळत, तेथून तुलसीदासांकडे आणि कालिदासाकडे जात आणि पुन्हा त्या कवितेकडे येत. परीक्षेच्या दृष्टीने अशी शिकवणी फार सोयीची नव्हती. टिपणे उतरवून घेणाऱ्या मुलांची पंचाईत होई. पण एखादी ओळ सुंदर का वाटते, हा प्रश्न त्या वर्गात बसलेल्याला पुढे सोडत नसे. मोठे, भेदक डोळे, हातात सिगारेट, बोलण्यात मिस्कीलपणा आणि क्षणात चढणारा राग, अशी त्यांची मूर्ती अलाहाबादेत सर्वांच्या ओळखीची होती. त्यांच्याबद्दल अनेक आख्यायिका आहेत. भारतात इंग्रजी फक्त अडीच माणसांना येते, असे ते म्हणत आणि त्या अडीचांत पंडित नेहरूंना अर्धे धरत, ही त्यांतील एक. आख्यायिकेत खरेखोटे किती, हे सांगणे कठीण. पण ऐकणाऱ्यांना ती खरी वाटे, यावरून त्यांचा स्वभाव कळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. इंग्रजी वाङ्मय वाचून उर्दूच्या माणसाने काय करावे? हा प्रश्न फिराक यांच्या आधीपासून विचारला जात होता. मौलाना अल्ताफ हुसेन हाली लाहोरला असताना इंग्रजीतून उर्दूत झालेली भाषांतरे सुधारण्याचे काम करत. त्यांना स्वतःला इंग्रजी फारसे येत नव्हते. पण त्या भाषांतरांतून त्यांना वेगळ्या कवितेची ओळख झाली आणि १८९३ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध ‘मुकद्दमा’त त्यांनी जुन्या उर्दू शायरीतील कृत्रिमपणावर कडक टीका केली. त्यानंतरच्या पिढीतील लोक तर इंग्रजी थेट शिकलेले होते. पाटण्याचे प्रसिद्ध समीक्षक कलीमुद्दीन अहमद हे फिराक यांच्यासारखेच इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि केंब्रिजला शिकून आले होते. त्यांनी गझल हा अर्धरानटी काव्यप्रकार आहे, असा निकाल दिला. कारण काय? तर इंग्रजी कवितेत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच विचार वाढत जातो. गझलेत मात्र एका शेरात हसू, दुसऱ्यात रडू आणि तिसऱ्यात तत्त्वज्ञान. एका शेराचा दुसऱ्याशी संबंध नाही, मग याला कविता कसे म्हणावे?

कलीमुद्दीन अहमद हे विद्वान होते आणि त्यांचा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नव्हता. उर्दूत त्यावरून मोठे वादळ उठले. सुशिक्षित तरुणांना गझल लिहिण्याची लाज वाटू लागावी, असे दिवस आले होते. फिराक यांनीही तेच इंग्रजी कवी वाचले होते, तेच समीक्षक वाचले होते. पण ते अगदी उलट निष्कर्षाला पोचले. त्यांनी गझल सोडली नाही. उलट इंग्रजी कवितेतून जी नजर मिळाली, ती घेऊन ते जुन्या उर्दू शायरांकडे परत गेले. मुसहफी आणि जौक यांच्यासारख्या शायरांवर त्यांनी जे लेख लिहिले, ते ‘अंदाजे’ या पुस्तकात आहेत. लोकांनी ज्यांना जुने म्हणून बाजूला ठेवले होते, त्यांच्या शेरांत आवाज कसा चढतो-उतरतो, एक साधा शब्द कसा उजळतो, हे त्यांनी दाखवून दिले. ही वाचण्याची रीत त्यांना इंग्रजीच्या अभ्यासातून मिळाली होती. पण तिने त्यांनी मोजले ते उर्दूचे सोने. माझ्या मते या वादात फिराक यांची बाजू अधिक खरी होती. एका भाषेचे माप घेऊन दुसरीला तोलायचे नसते. तरीही कलीमुद्दीन यांच्यासारखा कठोर टीकाकार समोर नसता, तर गझलेच्या चाहत्यांनी गझलेचा इतका विचार केला नसता, हेही मान्य करायला हवे.

वर्ड्‌स्वर्थ हा फिराक यांचा आवडता कवी. इंग्लंडच्या उत्तरेला सरोवरांचा आणि डोंगरांचा एक प्रदेश आहे. वर्ड्‌स्वर्थ तेथे जन्मला, तेथेच आयुष्याचा बराच काळ राहिला आणि तेथील साध्या माणसांवर, वाटांवर, फुलांवर त्याने लिहिले. हे वाचून फिराक यांना आपल्या भाषेतील एक उणीव जाणवली. उर्दू शायरीत बाग होती, बुलबुल होता, सुराही आणि साकी होता. पण गोरखपूरची संध्याकाळ कोठे होती? अंगणातील तुळस, दिव्यांची आरास, मुलाला न्हाऊ घालणारी आई ही रोजची दृश्ये शायरीत क्वचितच येत. नझीर अकबराबादींनी मेळे आणि सण यांवर मनापासून लिहिले होते, पण त्यांना मोठ्या शायरांच्या पंगतीत बसवायला कोणी तयार नव्हते.

‘रूप’ या रुबायांच्या संग्रहात फिराक यांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. रुबाई हा तर इराणातून आलेला प्रकार. त्यात त्यांनी भारतीय घर आणून बसवले. एका रुबाईत लहान मूल अंगणात हट्ट धरून बसले आहे. त्याला आकाशातला चंद्र हवा आहे. आई त्याच्या हातात आरसा देते आणि आरशात उतरलेला चंद्र त्याला दाखवते. दुसऱ्या एका रुबाईत दिवाळीची संध्याकाळ आहे. घर रंगवून सजवले आहे आणि आई मुलाच्या मातीच्या घरकुलात दिवा लावते आहे. भाषाही या प्रसंगांना साजेशी आहे. फारसी शब्दांच्या शेजारी हिंदी, संस्कृत आणि अगदी गावाकडचे बोलीतले शब्द बसले आहेत आणि कोणी कोणाला ढकलत नाही. या रुबायांत वर्ड्‌स्वर्थचे नाव नाही, त्याची एखादी कल्पना उचललेली नाही. इंग्लंडची फुले आणि सरोवरे त्यांनी उर्दूत आणली नाहीत. वर्ड्‌स्वर्थने जसे आपल्या दारातले पाहिले, तसे त्यांनी आपल्या दारातले पाहिले.

रात्र हाही त्यांचा आवडता विषय. त्यांना झोप कमी येत असे. शहर झोपी गेल्यावरचा सन्नाटा, ताऱ्यांचा मंद प्रकाश, दूरवर काहीतरी हलल्याचा भास, हे सर्व त्यांच्या गझलांत वारंवार येते. ‘आधी रात’ नावाची त्यांची दीर्घ नज्मही आहे. कवींच्या आवडत्या विषयांमागे बहुधा मोठे तत्त्वज्ञान शोधले जाते. येथे निद्रानाशाचाही थोडा हात असावा.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. ते रागीट होते, स्वतःची स्तुती करत आणि समोरच्याला लागेल असे बोलत. हिंदीच्या काही लेखकांवर त्यांनी फार कठोर टीका केली आणि तिच्यात कधीकधी अन्यायही झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते गोरखपूरहून उभे राहिले आणि सपाटून पडले. त्यांनी लिहिलेही फार. इतके की त्यांतील सर्वच उत्तम आहे, असे त्यांचे चाहतेदेखील म्हणत नाहीत. पण चांगले जे आहे, ते इतके चांगले आहे की उर्दू गझलेचा विसाव्या शतकाचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही.

साठीनंतर फिराक विद्यापीठातून निवृत्त झाले, पण बँक रोडवरचे विद्यापीठाचे घर सुटले नाही. ८/४, बँक रोड हा पत्ता उर्दूच्या जगात सर्वांना माहीत होता. संध्याकाळी तेथे विद्यार्थी, शायर आणि नुसते गप्पा ऐकायला आलेले लोक जमत. ‘गुल-ए-नगमा’ या संग्रहासाठी त्यांना १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६८ साली सरकारने पद्मभूषण दिले. १९६९ चा ज्ञानपीठ पुरस्कारही ‘गुल-ए-नगमा’लाच मिळाला. उर्दूला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. मराठीला हा मान पुढे १९७४ साली वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ने मिळवून दिला.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. उपचारांसाठी त्यांना दिल्लीला नेले होते. तेथेच ३ मार्च १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या शहरात ते मुलगा म्हणून शिकायला आले होते आणि जेथे त्यांनी इंग्रजी शिकवण्यात उमर घालवली, त्या अलाहाबादला त्यांचा देह आणण्यात आला आणि गंगा-यमुनेच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले.